बुडबुडे येतायत ना?

हवा फुकट मिळते, असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला, त्याच्या घरी माशांची टाकी नसणार. असती, तर मी त्याचा पत्ता काढून त्याला भेटून आलो असतो, आणि ती भेट सौजन्याची झाली नसती.

मी मुळात शांत माणूस आहे. हे मीच म्हणतो असं नाही. ऑफिसातल्या माझ्या वार्षिक अहवालात साहेबांनी 'शांत' असा शेरा स्वतःच्या हस्ताक्षरात मारलेला आहे. तो त्यांनी 'कामाचा वेग' या रकान्यात मारला, ही गोष्ट वेगळी. तर असा हा शांत माणूस गेल्या महिन्यात इमारतीच्या कमिटीसमोर, स्वतःच्याच दिवाणखान्यात, असा काही ओरडला की आवाज रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेला. इस्त्रीवाला तेव्हापासून माझ्या कॉलरी फार जपून करतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक पंप आहे. आकार साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. त्याला काम एकच. बाहेरची हवा आत ओढायची आणि नळीतून टाकीच्या तळाशी सोडायची. मग बुडबुडे येतात आणि माशाला श्वास घेता येतो. हे काम आमच्या ऑफिसात आलं असतं तर त्यासाठी स्वतंत्र विभाग काढावा लागला असता, हे मला मान्य आहे. पण पंपाला मीटिंगा नव्हत्या, बदलीची भीती नव्हती, साहेब नव्हता. तरीही त्याने ते केलं नाही.

पंप सासऱ्यांचा. टाकी सासऱ्यांची. मासा खरं तर सासूबाईंचा. त्यांनी हौसेने आणलेला सोनेरी मासा त्यांच्या मागे उरला. सासरे त्याला 'ही' म्हणतात. "हिचं खाणं झालंय." "ही आज फुगून बसली आहे." "हिला पंख्याचं वारं चालत नाही." घरात नवीन आलेला माणूस आधी स्वयंपाकघराकडे बघतो, मग टाकीकडे, आणि मग घाईने पाणी मागतो. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांकडे पाठ फिरवून नाराजी दाखवणारं त्या घरात एवढंच कुणीतरी शिल्लक होतं.

सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि टाकी आमच्याकडे आली. सोबत काठी टेकत स्वतः सासरे आले. कारखान्यात देखभाल खातं सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्यांचं मत आहे. यंत्राचा आवाज ऐकणारी, आणि जावई.

"जावईबापू," ते म्हणाले, "पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. नळी मुडपू देऊ नका. आणि काही झालं तरी पंप बंद पडू देऊ नका. ही म्हातारी झाली आहे. तिला दम लागतो."

"काळजी करू नका, बाबा."

"आणखी एक सांगायचं होतं..." त्यांनी बोलता बोलता लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, एकदा बघितलं. ती दारात उभी राहून हाताने पंपाची लांबीरुंदी मोजत होती. "जाऊ दे," ते म्हणाले. "तुमच्या लक्षात येईलच."

हे शेवटचं वाक्य मी माझ्या बुद्धिमत्तेवरचा विश्वास समजलो. माणूस कुठे कुठे फसतो.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात कव्हर दिसत नाही, कव्हर नसलेली वस्तू दिसते. टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, वॉशिंग मशीनला आहे. फ्रिजच्या मुठीला मोज्यासारखं काहीतरी आहे. रिमोट ज्या प्लॅस्टिकमध्ये दुकानातून आला त्याच प्लॅस्टिकमध्ये आजही राहतो आणि त्याचं कुठलं बटण कशाचं आहे हे आम्ही अंदाजाने ओळखतो. सुटकेसला कव्हर आहे आणि ते कव्हर खराब होऊ नये म्हणून त्याला पिशवी आहे. शिलाई मशीनचं कव्हर त्याच मशीनवर शिवलेलं आहे. म्हणजे ते शिवलं जात असताना मशीन उघडी होती, ही खंत बायकोच्या मनात अजून आहे.

त्यामुळे पंप आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कव्हर झालं, यात मला विशेष असं काही वाटलं नाही. उरलेल्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड, आतून प्लॅस्टिकचं अस्तर, खाली घट्ट इलॅस्टिक. वायर आणि नळी बाहेर यायला दोन काज, तेही हाताने बिनचूक भरलेले.

"कसं झालंय?" बायकोने विचारलं.

"सुरेख," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून सासऱ्यांचा पहिला फोन आला. "बुडबुडे येतायत ना?"

"येतायत, बाबा."

"फोन पंपाजवळ धरा."

मी धरला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज बसलाय."

"नवीन जागा आहे. बुजला असेल."

"पंप बुजत नसतो, जावईबापू. आवाज कोंडल्यासारखा येतोय. लेक जवळ आहे का?"

"ही काय इथेच. देऊ का फोन?"

"नको, नको. मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडे निम्म्यावर आले होते आणि ऑफिसातून येईपर्यंत अधूनमधून एखादा यायला लागला होता. तो सुद्धा आजूबाजूला बघून, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने. मासा वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत होता. कुणी आपल्याला आवाज न करता शिव्या देत असेल तर तोंड असंच दिसतं.

समोरच्या दारातले सर निवृत्तीपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा त्यांना सोडावी लागली, पण विज्ञानाने त्यांना सोडलेलं नाही. ते न बोलावता आले.

"साधी गोष्ट आहे. नळीच्या टोकाला तो जो दगड आहे ना, छिद्रांचा, तो चोंदलाय. त्यातून हवा जायला जागाच नाही. व्हिनेगरमध्ये भिजवा, मग उकळा. पंपसुद्धा खालीवर करून पुसून घ्या. वर्गात दरवर्षी शिकवायचो हे."

वर्गात दरवर्षी माशांचा पंप शिकवणारी शाळा मी पाहिलेली नाही. तरीही मी दगड भिजवला, उकळला, ब्रशने घासला. घरभर लोणच्यासारखा आंबट वास सुटला. पंपाचं कव्हर काढून तो पुसला, सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि टाकीत बुडबुड्यांची माळच्या माळ लागली. सर हात मागे बांधून उभे होते. "मी काय म्हटलं होतं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना चहा दिला. रागाचं माझं खातं अजून रिकामं होतं.

बायकोने पसारा आवरला, ओटा पुसला, दगडाचं पातेलं वेगळं काढलं आणि पंपाला कव्हर घातलं.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे पुन्हा गेले.

आता वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांच्या चुलत दिराकडे कधीकाळी मासे होते. ते सगळे गेले, त्यामुळे या विषयातला अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता. त्यांचं म्हणणं, या भिंतीतला करंट कमी आहे. "पलीकडच्या भिंतीला लावून बघा. आमच्याकडे मिक्सरचं अस्संच व्हायचं."

मी टाकी रिकामी केली, पलीकडच्या भिंतीला नेली, पुन्हा भरली. या वाक्यात जेवढा वेळ गेला त्याच्या शंभरपट वेळ प्रत्यक्षात गेला, आणि माझी कंबर त्याहून जास्त गेली. पंप कव्हरमधून काढून नवीन जागी लावला. बुडबुडे धो धो.

"करंट!" वहिनी म्हणाल्या आणि विजयी मुद्रेने वर गेल्या.

जाताना त्यांनी दार उघडं टाकलं, आणि त्या उघड्या दारातून खालचे आत आले. खालचे म्हणजे आमच्या बरोब्बर खाली राहणारे गृहस्थ. त्यांना रक्तदाब आहे, आणि तो आहे याचा त्यांना इतका अभिमान आहे की ते स्वतःची ओळखही त्यातूनच करून देतात.

"मला बीपी आहे. दुपारी मी पडतो. तुमच्याकडून घर्रर्र असा आवाज येतो. मधेच बंद होतो. मग पुन्हा येतो. सलग आला तर माणूस सवय करून घेईल हो! तुमचा येतो आणि जातो. डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यात वाईट."

"पंप आहे. माशाचा."

"माशाला आवाज कशाला लागतो?"

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते खालच्यांसारख्यांना देण्यासाठी मनाची जी उंची लागते ती माझ्याकडे त्या दिवशी नव्हती. "माशालाच विचारा," असं मी म्हणालो. त्यांनी कमिटीकडे तक्रार केली.

कमिटीचे सेक्रेटरी हे सौम्य, टापटीप गृहस्थ. प्रत्येक गोष्ट आधी कुठल्या नियमात बसते हे ठरवल्याशिवाय ती घडली आहे असं ते मानत नाहीत. त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये गाठलं.

"तक्रार आली आहे. पण हे नक्की काय समजायचं? यंत्र समजायचं की पाळीव प्राणी?"

"पंप यंत्र आहे. मासा प्राणी आहे."

"दोन्ही वेगवेगळं असेल तर दोन परवानग्या लागतील. यंत्र असेल तर किती अश्वशक्तीचं?"

"अहो, साबणाएवढा पंप! त्यात घोडा कुठून येणार?"

"म्हणजे अश्वशक्ती माहीत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि प्राण्याला लिफ्टमधून नेणार का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते चेष्टा करत नव्हते. चेष्टा करणाऱ्या माणसावर रागावता येतं आणि मोकळं होता येतं. गंभीर माणसावरचा राग घरी घेऊन जावा लागतो.

तो मी घरी घेऊन आलो. पंपाला तोवर पुन्हा कव्हर झालं होतं आणि बुडबुडे पुन्हा बसले होते. आवाज कमी व्हावा म्हणून वरच्या वहिनींनी जाता येता दिलेला दुसरा सल्ला मी अमलात आणला. पंप टाकीवरून काढून खाली जमिनीवर, फोमच्या तुकड्यावर ठेवला. सासऱ्यांनी पाण्याच्या वर ठेवायला सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. पण एका बाजूला ऑपरेशनच्या खाटेवरचे सासरे आणि दुसऱ्या बाजूला जागे असलेले खालचे, यात मी खालच्यांना घाबरलो.

मग वीज गेली. पंप थांबला, की टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं आणि एकदा यायला लागलं की थांबत नाही, ही माहिती मला त्या दिवशी पायांना मिळाली. फोम भिजला, सतरंजी भिजली, सोफ्याखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा भिजला. उरलेलं पाणी खालच्यांच्या छतातून त्यांच्या पलंगावर गेलं. ते तेव्हा पडले होते.

"मला बीपी आहे!" हा आवाज जमिनीतून वर आला.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा टाकली. साहेबांनी फोनवर विचारलं, "कुणाची तब्येत?"

"सासऱ्यांच्या... माशाची," मी म्हणालो. खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. पुढच्या अहवालात बहुतेक दुसरा शेरा येईल.

बाजारात माशांचं एक दुकान आहे. दुकानदार मालापेक्षा कमी बोलतो आणि गिऱ्हाइकापेक्षा माशांकडे जास्त बघतो. मी पंप त्याच्यासमोर ठेवला. अर्थातच कव्हर काढून, कारण पडद्याच्या फुलांसकट बाजारात जायची लाज वाटली. त्याने पंप लावला, नळी एका बादलीत सोडली. बादली उकळल्यासारखी दिसायला लागली.

"पंप ठणठणीत आहे."

"पण घरी चालत नाही."

"मग घरात काहीतरी आहे."

आमच्या घराबद्दल एका अनोळखी माणसाने असं बोलावं, आणि तेही हातात गाळणीभर मासे धरून! निषेध म्हणून पंपाच्या आतला रबरी पडदा नवीन घेतला आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून नळीत बसवायची एक छोटी झडप घेतली. एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने पाणी परत येत नाही, अशी ती असते. ती मी उलटी बसवली. हवा जाईना. पाणी तर येणारच नव्हतं. झडप उलटी आहे हे मला समोरच्या सरांनी सांगितलं. वर्गात दरवर्षी शिकवायचे म्हणे. ती सुलट केली, पंप पुन्हा टाकीच्या वर ठेवला, सगळं जोडलं. पंप चालला, सर म्हणाले, "मी काय म्हटलं होतं?" बायकोने पसारा आवरला आणि कव्हर घातलं.

आता मी प्रामाणिकपणे विचारतो. एखादा पंप सर समोर असले की चालतो, वहिनी समोर असल्या की चालतो, दुकानात उकळ्या फोडतो, आणि एकटा माझ्यासोबत राहिला की श्वास रोखून धरतो. अशा वेळी माणसाने काय समजायचं? मी ते वैयक्तिक घेतलं. मी पंपाशी बोलायला लागलो. सुरुवातीला समजुतीचं, मग नाही.

टाकीतली ती (मीही आता तिला 'ती'च म्हणायला लागलो होतो) पूर्ण वेळ वरच राहायला लागली. तिच्या कल्ल्यांची धाप काचेपाशी दिसत होती. मी आणि बायको आळीपाळीने मगाने टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत ओतत होतो, कारण तेवढीच थोडी हवा पाण्यात मिसळते. बायकोचा खांदा गेला. माझी कंबर आधीच गेलेली होती. दोन सुशिक्षित माणसं उभी राहून एका माशावर धबधबा करत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"बुडबुडे येतायत ना?"

"येतायत, बाबा."

"फोन पंपाजवळ धरा."

पंप तेव्हा जेमतेम गुणगुणत होता. मी इकडे तिकडे बघितलं, बाथरूममधून दाढीचं विजेचं यंत्र आणलं, चालू केलं आणि फोनजवळ धरलं. याची लाज मला नंतर वाटली. त्या क्षणी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सासऱ्यांनी नीट ऐकलं. "आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "पण ब्लेडला तेल घाला. गालाला ओढेल."

मी यंत्र बंद केलं. बायको पाण्याचा मग हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"जावईबापू." त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. तोवर तो कधीच तसा नव्हता. "खरं सांगा. ही आहे ना?"

"आहे, बाबा. पण दम लागतोय."

"उद्या मला सोडतायत. घरी जायच्या आधी तुमच्याकडे येतो." थोडं थांबून म्हणाले, "तोपर्यंत तिला सांभाळा. मी येईपर्यंत तेवढं करा." मग अगदी हळू, "लेक जवळ आहे का?"

"समोरच उभी आहे."

"अरे देवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आधी कमिटी आली. पाहणीला. पुढे सेक्रेटरी, मागे खालचे, आणि तटस्थ साक्षीदार म्हणून समोरचे सर. वरच्या वहिनी जिन्यात उभ्या राहून दारातून बघत होत्या, म्हणजे त्या हजरही होत्या आणि नव्हत्याही. टाकीत ती एका अंगावर कलली होती. तिचं तोंड उघडायचं आणि मिटायला विसरायचं. मी धबधबा सोडून दार उघडायला गेलो होतो, त्यामुळे माझे हात कोपरापर्यंत ओले होते.

सेक्रेटरींनी पंपाकडे कान केला. मग खालच्यांनी केला. कव्हरच्या आतून सुस्कारा टाकावा तसा बारीक आवाज येत होता.

"याला आवाज म्हणता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"येतो आणि जातो!" खालचे म्हणाले. "आत्ता गेलाय!"

"पाहणीच्या वेळी जे आढळतं तेच धरायचं असतं. तक्रारीत तथ्य नाही, असं नोंदवतो." सेक्रेटरी माझ्याकडे वळून प्रसन्नपणे म्हणाले, "अभिनंदन. तुमचं यंत्र निर्दोष आहे."

निर्दोष! ती समोर मरत होती आणि हा माणूस माझं अभिनंदन करत होता. माझ्या आत इतके दिवस जे साठत होतं, सरांचं 'मी काय म्हटलं होतं', वहिनींचा करंट, अश्वशक्ती, लिफ्ट, खालच्यांचं बीपी, माझी कंबर, ते सगळं एकदम वर आलं.

"निर्दोष?" मी ओरडलो. इथपर्यंतचा भाग इस्त्रीवाल्यालाही आठवतो. "हे यंत्र निर्दोष आहे? हे हरामखोर यंत्र आहे! याला एक काम आहे, एक! हवा द्यायची! ती तेवढी देत नाही, बाकी सगळं करतं! आणि तुम्ही सगळे! सल्ला द्यायला येता, चहा पिता, श्रेय घेता आणि जाता! तुमच्या बीपीला जागा आहे या इमारतीत, पण एका म्हाताऱ्या माणसाच्या माशाला श्वास घ्यायला जागा नाही! न्या! घेऊन जा हा पंप! लावा याला तुमचा नियम!"

असं म्हणून मी पंप सेक्रेटरींच्या हातात कोंबायला उचलला. हात ओले होते. पंप निसटला, इलॅस्टिक ताणलं गेलं, आणि पंप टाकीच्या झाकणावर पडला. कव्हर माझ्या हातात राहिलं.

घर्रर्रर्रर्र!

टाकी तळापासून पांढरी झाली.

मी हातातल्या फुलाफुलांच्या कापडाकडे बघितलं. ते पंपावर चढवलं. सुस्कारा. बुडबुडे बसले. काढलं. घर्रर्र. टाकी उसळली. चढवलं. सुस्कारा. पंपाच्या पोटाला हवा ओढायची छोटी जाळी असते. ती बरोब्बर प्लॅस्टिकच्या अस्तरावर घट्ट बसत होती. इतकं बेतशीर काम बायकोशिवाय कुणाला जमलं नसतं. सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ते मिटलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "म्हणजे इतके दिवस..." ती म्हणाली.

दिवाणखान्यातल्या एकाही पुरुषाने त्या वाक्याला हात लावला नाही. सेक्रेटरी छताकडे बघू लागले. खालचे, ज्यांना गप्प बसणं माहीत नाही, तेही गप्प बसले.

"कापड उसवलं नाही ना?" बायकोने विचारलं, कव्हर माझ्या हातून घेतलं, उजेडात धरून काज तपासले आणि आत गेली.

टाकीत ती सरळ झाली. मग बुडबुड्यांच्या माळेपाशी गेली, तिथे जरा वेळ थांबली, आणि माझ्याकडे पाठ करून तळाशी गेली. इतकी तंदुरुस्त पाठ मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं वहिनी सांगतात. ते टाकीतलं उडालेलं होतं.

"हा!" खालचे भानावर आले. "हाच आवाज! ऐका! हाच तो!"

सेक्रेटरींनी शांतपणे कान केला. "आता मात्र आवाज आढळतो आहे," ते म्हणाले.

आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. वॉकर टेकत, एकेक पाऊल मोजून टाकत सासरे आले. दारातच थांबले. टाकी त्यांना दिसत नव्हती, आम्ही सगळे मधे उभे होतो. त्यांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

"हां," ते म्हणाले. "हा आवाज."

पाहुणे गेल्यावर, बायको आत चहा टाकत असताना, सासरे टाकीजवळच्या खुर्चीत बसले. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या सासूबाईंनीही शिवलं होतं एक. फुलं जरा मोठी होती."

"मग?"

"ती स्वयंपाकघरात गेली की मी काढायचो. बाहेर यायची चाहूल लागली की घालायचो. दिवसातून किती वेळा उठबस. खुबा त्यातच गेला."

"पण सांगितलं का नाहीत त्यांना?"

यंत्राचा आवाज न ऐकणाऱ्या माणसाकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अहो, काज हाताने भरले होते तिने."

"आणि आता कुठे आहे ते?"

"कपाटात. पिशवीत घालून ठेवलंय."



कमिटीचा निर्णय दुसऱ्याच दिवशी दारावर चिकटला. तक्रारीत तथ्य आढळलं होतं. मासा ठेवायला हरकत नव्हती. लिफ्टचा मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला होता. मात्र आवाजाचा उपद्रव टाळण्यासाठी पंपावर जाड कापडाचं, आतून अस्तर असलेलं आच्छादन कायम घालून ठेवावं, आणि ते घातलं आहे की नाही याची पाहणी सेक्रेटरी वेळोवेळी येऊन करतील.

हे वाचून मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं होतं. पण बायको म्हणाली, "बघ. मी आधीच शिवलं होतं," आणि कव्हर धुऊन, इस्त्री करून टाकीशेजारी ठेवलं.

सासरे नीट चालायला लागेपर्यंत आमच्याकडेच आहेत. टाकीशेजारची खुर्ची त्यांची. जिन्यात पाऊल वाजलं की ते कान टवकारतात. सेक्रेटरी आहेत की खालचे, हे त्यांना चपलेच्या आवाजावरून कळतं. मग नव्या खुब्यावर जोर देऊन ते उठतात आणि पंपाला कव्हर घालतात. सेक्रेटरी येतात, कान करतात, समाधानाने मान हलवतात.

"इतका साधा उपाय होता," परवा जाताना ते मला म्हणाले. "उगाच ओरडलात तुम्ही."

मी शांत माणूस आहे. मी दार लावून घेतलं. पाऊल खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत सासऱ्यांनी बोट वर धरून मला थांबवून ठेवलं, मग हलकेच इलॅस्टिक सोडवलं.

"जावईबापू," ते कुजबुजले, "लेक जवळ आहे का?"